भिंगरीने दाखवलेले बोट

मी अकरावीत असताना, हुरड्याच्या दिवसांत, भूमच्या मैदानावर मुलींच्या जिल्हा खो-खो स्पर्धेचा अंतिम सामना झाला. शेवटच्या मिनिटाला दोन्ही संघांचे गुण सारखे होते. आम्हाला जिंकायला एक गडी बाद करायचा होता. तो गडी हाताच्या अंतरावर आला असताना आमच्या संघाने तीन वेळा सोडला. तरीही सामना आम्हीच जिंकलो.

पुढे मी वर्तमानपत्रात नोकरी केली आणि अशा स्पर्धांच्या कितीतरी बातम्या चार ओळींत बसवल्या. आमच्या सामन्याचीही चार ओळींची बातमी आली होती. तिच्यात निकाल बरोबर होता, आमच्या शाळेचे नाव चुकले होते आणि गडी सोडल्याचा उल्लेख नव्हता. तो इथे सविस्तर करते.

आमचे गाव तेरपासून जवळ, तेरणेच्या काठावर. घरात दोन भावांचे संसार एकत्र होते. माझे वडील, दादा, शेती पाहत. धाकटे चुलते, आण्णा, एसटीत कंडक्टर होते. दोघांच्या मिळून आम्ही पाच मुली. आण्णांची थोरली सविता माझ्याहून काही महिन्यांनी मोठी, पण वर्ग एकच, अंथरूण एकच आणि शाळेत जायची सायकलही एकच. पाचही जणी खो-खो खेळत, कारण शाळेत दुसरा खेळ नव्हता. खो-खोला दोन खांब आणि रेषा आखायला फक्की लागते. फक्की संपली की आमचे खेळाचे सर घरोघरी मुली पाठवून चुलीतली राख मागवत. गावातल्या बायका सरांना पाहिले की विचारत, "सर, आज ऱ्हाक लागतीय का?" सर मान हलवून पुढे जात.

खो-खोतला मूळ नियम असा की धावणारीने बसलेलीच्या पाठीवर थाप मारून "खो" म्हटले की बसलेलीने उठून धावायचे आणि धावणारीने तिच्या जागी बसायचे. उठणार नाही, असे म्हणता येत नाही. हा नियम आमच्या घरात नेमका कधी शिरला ते सांगता येत नाही. मला आठवते तेव्हापासून तो होता. काकी चुलीपुढे भाकरी थापत असे. धुराने डोळे चुरचुरले की ती शेजारी शेंगा फोडत बसलेल्या माझ्या आईच्या पाठीवर पिठाच्या हाताने थाप मारी, "खो", आणि आई शेंगा टाकून परातीपुढे सरके. तव्यावरची भाकरी उलटायच्या आत माणूस बदललेले असे. आई पुढे मला देई, मी सविताला, सविता परत काकीला. एका जेवणाच्या भाकऱ्या चौघींच्या हातच्या असत आणि कुठली कोणाची ते दादा आकारावरून ओळखत. आमच्या घरातली प्रत्येक बाई पाठीवर पिठाचा पंजा घेऊन गावात हिंडे. आता खो-खो टीव्हीवर होतो, मॅटवर, दिव्यांच्या झगमगाटात, आणि खेळाडूंच्या पाठीवर त्यांचे नाव छापलेले असते. आमच्या पाठीवर पीठ असे आणि त्यावरून कोणत्या घरच्या ते कळत असे.

पुरुषांनाही सवलत नव्हती. दादा पेपर वाचत बसले असताना माझी धाकटी बहीण त्यांना खो देई आणि ते उठून म्हशीला पेंड घालून येत. परत येईपर्यंत ती त्यांच्या जागी बसून पेपर वाचत असे. एकदा आत्याच्या सोयरिकीचे बोलायला एक गृहस्थ आले होते. ओसरीवर पाठमोरे बसले होते. धाकटीने हापशावरून कळशी आणायची म्हणून समोर दिसली त्या पाठीवर थाप मारली. गृहस्थ उठले, कळशी भरून आणली आणि मग चहा घेतला. सोयरीक जमली. ते आमचे मामाजी अजून आमच्याकडे आले की भिंतीला पाठ लावून बसतात.

आमच्या भागातल्या मैदानांवर आणखी एक पद्धत होती. नियमांच्या पुस्तकात ती नाही. गडी बाद झाला, पण कोणी शिवले ते पंचांना दिसले नाही, तर पंच बाद झालेल्या गड्यालाच विचारत आणि त्याने बोट दाखवायचे. ते बोट अंतिम. त्यावर कोणी वाद घालत नसे, कारण वाद घातला तर पुढच्या वेळी आपल्यालाही कोणी खरे सांगणार नाही, हे सगळ्यांना कळत होते. बाहेरगावचे पंच आले की त्यांना ही पद्धत पाहून हसू येई, पण तेही दुसऱ्या डावापासून विचारायला लागत.

तर त्या वर्षी सर एका संध्याकाळी घरी आले आणि त्यांनी आण्णांना बातमी दिली. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका निवासी क्रीडा केंद्रात आपल्या जिल्ह्यातून एक मुलगी घेणार होते. राहणे, जेवण, कॉलेज सगळे तिथे. तिथून बाहेर पडलेल्या मुली पोलिसात आणि रेल्वेत लागलेल्या होत्या. केंद्राचा माणूस जिल्हा स्पर्धा पाहायला येणार होता आणि जी मुलगी स्पर्धेत सगळ्यांत जास्त गडी बाद करील तिला तो घेऊन जाणार होता. बरोबरी झाली तर वयाने लहान असेल तिला. केंद्राच्या अटीत सविताचे वय पुढच्या वर्षी बसणार नव्हते. म्हणजे हीच वेळ. सविताने हे ऐकले तेव्हा ती म्हशीचे दूध काढत होती. तिने सरांना विचारले, "तिथलं मैदान कसं हाय? खडं लागत्यात का?" सर म्हणाले, "खडं कुठलं, सतरंजी अंथरल्यागत असतंय." सविताच्या टाचेत वर्षभर कुठला ना कुठला खडा रुतलेला असे. तिने चरवी खाली ठेवली आणि त्या दिवशी पुढचे दूध मला काढावे लागले. खो म्हणायलाही ती विसरली होती.

अडचण अशी की आमच्या शाळेत नीट धावणाऱ्या मुली नऊच होत्या आणि संघ नऊ जणींचा असतो. बारा नावे भरावी लागतात म्हणून आणखी तिघींची नावे घालत, त्यांतली एक डबे सांभाळे. बाकी आठ जणींना पुढचे वर्ष हे शाळेचे शेवटचे वर्ष होते आणि त्या वर्षी राज्य स्पर्धेपर्यंत मजल मारायची असे सातवीपासून ठरलेले होते. सविता गेली की ते संपले.

ही बातमी संघाला सांगायची कशी, याचा सविता विचार करत असतानाच आण्णांनी ती सांगून टाकली. दादांनी दरवर्षीप्रमाणे सगळ्या संघाला हुरड्याला बोलावले होते. शेतात आगटी पेटलेली, शेणकुटांचा धूर, कणसे भाजून चोळायला आण्णा बसलेले. पोत्यावर गरम हुरडा पडत होता, सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि गाडग्यातले दही. आण्णांना बातमी पोटात ठेवण्याची सवय नव्हती. दिवसभर गाडीत माणसांशी बोलून त्यांचे प्रत्येक वाक्य तसे झाले होते. ते म्हणाले, "सवीचं तिकीट काढल्यात जमा हाय बगा. थेट गाडी. मधी थांबा न्हाय." मग त्यांनी सगळे सांगितले.

आमची कर्णधार कल्पना. अंगाने भरलेली, आवाजाने त्याहून. खांबाजवळच्या चौकोनात ती बसली की प्रतिस्पर्धी गड्याला वळायला जागा कमी पडे. तिने तोंडातला हुरडा शांतपणे संपवला आणि विचारले, "आन् आमी कुठं उतरायचं, आण्णा?"

आण्णा कणीस चोळत राहिले.

"पुढल्या साली आठ जणीत खेळायचं काय?" कल्पना सविताकडे वळली. "का आण्णांला बसवायचं चौकोनात?"

"म्या अजून हितंच हाय की," सविता म्हणाली. "तुज्यासंगं हुरडा खातेय."

"खा, खा. तिकडच्या मेसमधी न्हाय मिळायचा."

"मग तुला बी नेते की. पिशवीत बसशील का?"

कल्पना पिशवीत बसण्यासारखी नव्हती. कोणीतरी हसले, मग सगळ्या हसल्या, कल्पनाही हसली, पण परत जाताना तिने सविताच्या सायकलवर बसायला नकार दिला आणि गावापर्यंत चालत गेली. तिच्याबरोबर म्हणून बाकीच्याही चालत गेल्या. मीही चालत गेले. सविता एकटी सायकल हातात धरून आमच्या मागून आली.

दुसऱ्या दिवसापासून सरावात सविताला कोणी खो देईना. तसे कोणी ठरवले नव्हते. सगळ्या जणी धावत, एकमेकींना खो देत आणि सविताचा चौकोन टाळून पुढे जात. फलाटावर कोणीतरी विसरलेल्या बोचक्यासारखी ती मधल्या पट्टीत उकिडवी बसून राहायची. सरांनी दोन वेळा शिट्टी वाजवली. "तिला काय रोग झालाय का? हात लावंना कुणी."

"ती पाहुणी हाय आता, सर," कल्पना म्हणाली. "पाहुण्याला उठवत न्हायत."

"आमच्या घरी उठवत्यात," सविता बसल्या जागेवरून म्हणाली.

सोयरिकीचा किस्सा सगळ्या गावाला माहीत होता. हसून हसून तो सराव तिथेच संपला. पण खो तिला दुसऱ्या दिवशीही मिळाला नाही.

घरीही तेच. मी सविताला खो देत नव्हते, सविता मला देत नव्हती. दोघींमधली साखळी तुटली की साऱ्या घराची तुटे. जी भाकरीला बसे तिला शेवटपर्यंत बसावे लागे. काकीच्या भाकऱ्या करपल्या, आईच्या कच्च्या राहिल्या, येसराच्या आमटीत दोघींनी मीठ घातले. दादांनी एक घास घेऊन ताट बाजूला सारले आणि विचारले, "घरात कोण आजारी हाय?" आईने परातीतून हात काढला आणि आम्हा दोघींना समोर बोलावले. "भांडायचं तर भांडा. पर खो द्यायचं बंद करू नगा. माजी कंबर गेली." असे म्हणून तिने एक थाप सविताला आणि एक मला मारली. एकाच वेळी दोन खो हा नियमभंग होता. तरी आम्ही दोघी उठलो, परातीपुढे बसलो आणि भाकऱ्या होईपर्यंत एकमेकींना कोपराने ढोसत राहिलो.

स्पर्धेच्या आधीच्या फेऱ्यांत मात्र हरायचे नव्हते, म्हणून सगळ्यांनी सविताला खो दिला. अंतिम सामन्याच्या दिवशी आण्णांनी मुद्दाम भूमच्या गाडीची ड्यूटी मागून घेतली. बाजाराचा दिवस होता. गाडीत कोंबड्या, कांद्याची पोती आणि आमचा संघ. सविता पुढे सरांशेजारी बसली होती. मागच्या बाकावर कल्पनाने आम्हा सात जणींना जवळ बोलावले. "ऐका. सवीचे आन् त्या रेश्माचे गडी सारखे हायत." रेश्मा म्हणजे आज समोर येणाऱ्या संघाची सगळ्यांत वेगवान मुलगी, सविताहून वर्षभराने लहान. म्हणजे बरोबरी राहिली तर केंद्रात रेश्मा जाणार. "आज जमंल तितकं गडी सवीला द्यायचे. आपून शिवायचं न्हाय. खो देत ऱ्हायचं."

एकीने विचारले, "आन् ती गेल्यावर?"

"ती न्हाय गेली तर वरीसभर तोंड फुगवून बसंल. ते कोण बगणार? त्यापरीस जाऊ दे. उद्या टीव्हीवर दिसली तर गावाचं नाव तरी सांगंल." मग कल्पनाने सगळ्यांकडे पाहिले. "सांगंल न्हवं?"

"सांगंल," मी म्हणाले.

आण्णांनी घंटीची दोरी दोनदा ओढली आणि गाडी सुटली.

त्याच गाडीत पुढे बसून सविताने सरांना काय सांगितले, ते आम्हाला सामना संपल्यावर कळले. ती म्हणाली होती, "सर, आज म्या नुसता खो देणार हाय. शिवायचं त्या शिवत्याल. सवी सोतासाठी खेळली असं कल्पीला म्हनता येऊ नये." सर म्हणाले होते, "वेडी हायस का?" पण गाडीचा आवाज मोठा होता आणि तिने ते ऐकले की नाही, याची खात्री सरांनाही नव्हती.

मैदानाला चारी बाजूंनी गर्दी होती. बाजाराला आलेली माणसे पिशव्या घेऊन उभी होती. केंद्राचा माणूस लिंबाखाली खुर्चीवर बसला होता, डोक्याला पांढरी टोपी, हातात चहा. पहिले तीन डाव कोणत्याही चांगल्या सामन्यासारखे झाले. रेश्मा खरोखर वेगवान होती. तिने मला खांबापाशी असे बाद केले की मी वळण घेतले आणि ती आधीच तिथे होती. आमच्या शेवटच्या आक्रमणात गुण बरोबरीत आले. सविताचे आणि रेश्माचे गडीही सारखे झाले. वेळ संपत आली होती. समोर त्यांचा एकच गडी पळत होता, एक बारीक मुलगी. तिचे नाव माहीत नसल्याने आम्ही तिला भिंगरी म्हणत होतो. ती स्वतःभोवती फिरे आणि निसटे.

पुढचे समजायला एवढेच लक्षात ठेवावे लागेल की पाठलाग करणारीला मागे फिरता येत नाही आणि बसलेल्यांच्या मधून पलीकडे जाता येत नाही. गडी पलीकडे गेला की पलीकडे तोंड करून बसलेलीला खो द्यावाच लागतो. सविता भिंगरीच्या मागे होती. भिंगरी माझ्या चौकोनाजवळून पलीकडे निसटली. सविताने माझ्या पाठीवर थाप मारली. मी उठले तेव्हा भिंगरी माझ्यापासून हातभर अंतरावर, पाठमोरी होती. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. तिला ओलांडून पुढे गेले आणि कल्पनाला खो दिला. भिंगरी तोवर घाबरून पुन्हा पलीकडे आली होती, थेट कल्पनाच्या पुढ्यात. कल्पनाने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि तशीच धावत जाऊन, एक हात सोडवून सविताला खो दिला.

मग सविता ओरडली, "अगं शिवा की तिला, मेल्यांनो."

"तूच शीव," कल्पना चौकोनातून म्हणाली.

"तू कर्णधार हायस का कोण हायस?"

"म्हनून तर सांगतेय."

भिंगरी पुन्हा निसटली आणि सविताने पहिल्या दिसल्या पाठीवर थाप मारली. ती आमच्यातली सगळ्यांत शांत मुलगी होती. गाडीतली योजना तिला अर्धीच ऐकू आली होती. ती उठली, भिंगरीच्या खांद्यापाशी पोहोचली, आमच्याकडे पाहिले, आम्ही सगळ्या माना हलवत होतो, म्हणून तिनेही गडी सोडला आणि खो फिरत फिरत परत सविताकडे आला. बाजाराला आलेली माणसे पोट धरून हसत होती. सर जमिनीवर बसले होते आणि त्यांची शिट्टी तोंडातच राहिली होती, त्यामुळे ते श्वास घेत तेव्हा ती बारीक वाजत होती. भिंगरीला प्रथम आपल्यावर कसला डाव टाकला जातोय असे वाटले असावे. पण आपल्याला कोणी शिवतच नाही हे तिच्या लक्षात आले आणि तिला हसू फुटले. हसत हसत पळणे फार अवघड असते. ती वाकली, पोट धरले, पुन्हा पळाली. सविता तिच्या मागे अगदी जवळ होती. शिवता आले असते की नाही, याबाबत आमच्या संघात अजून दोन मते आहेत. सविताने तिच्याऐवजी माझ्या पाठीवर थाप मारली. "खो." त्याच क्षणी भिंगरीचे दोन्ही पाय बाजूच्या रेषेबाहेर गेले. शिट्टी वाजली. रेषेबाहेर गेलेला गडी बाद. आम्ही जिंकलो होतो.

आम्ही नाचलो नाही, कारण लगेच वाद सुरू झाला. बाहेर गेलेला गडी त्या वेळी पाठलाग करणारीच्या नावावर लागतो. पाठलागावर कोण होते, सविता की मी? एक पंच म्हणाले सविता, दुसरे म्हणाले खो दिला गेला होता. मी उठले होते की अजून गुडघ्यावर होते, हे मी तेव्हा खात्रीने सांगू शकले नाही आणि आताही सांगू शकत नाही. पंचांनी आम्हाला विचारले. आम्ही आठ जणींनी सविताकडे बोट दाखवले. सविताने माझ्याकडे दाखवले. पंच वैतागले आणि भिंगरीकडे गेले.

भिंगरी रेषेबाहेर पाठीवर पडून हसत होती. तिला उठवून बसवले. केंद्राचा माणूस खुर्चीवरून उठला होता. रेश्मा तिच्या शेजारीच उभी होती. पंचांनी विचारले, "मागं कोण होतं?" भिंगरीने डोळे पुसले. रेश्माकडे पाहिले, मग आमच्याकडे. मग तिने सविताकडे बोट दाखवले.

रेश्माने पायाला बांधलेल्या पट्टीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. कोणीही वाद घातला नाही.

परतीच्या गाडीत आण्णांनी खव्याच्या पेढ्यांचा पुडा घेतला होता. ज्या उतारूला सुटे पैसे परत द्यायचे त्याला ते पेढा देत होते. एक म्हातारा म्हणाला, "कंडक्टर, माझं राह्यलेलं पैसं?" आण्णा म्हणाले, "आज सुटं न्हाय. अजून एक घ्या." कल्पना सविताशेजारी बसली होती. दोघी गावापर्यंत भांडत आल्या. विषय एकच, कोणी कोणाला शिवायला हवे होते.

सविता जूनमध्ये गेली. निघताना तिच्या अंगावर नवा पांढरा ड्रेस होता. आई परातीपुढून उठली, अंगणात आली आणि सगळ्यांच्या देखत तिच्या पाठीवर थाप मारली. खो म्हणाली नाही. सविता पाठीवर पिठाचा पंजा घेऊन आण्णांच्या गाडीत चढली. केंद्रात पहिल्या दिवशी सगळ्यांनी तिला पाठीला काय लागले म्हणून विचारले, असे तिने फोनवर सांगितले. त्या वेळी फोन आमच्या गावात किराणा दुकानात होता आणि तो घ्यायला घरातली सात माणसे गेली होती.

बऱ्याच वर्षांनी मी येडेश्वरीच्या चैत्र यात्रेची बातमी करायला येरमाळ्याला गेले होते. गर्दीत एका महिला पोलिसाने मला हटकले. "तुमी त्याच न्हवं? हात मागं घेणाऱ्या." भिंगरी बंदोबस्ताला होती. आम्ही रस्त्याच्या कडेला उसाचा रस घेतला. मी तिला विचारले की त्या दिवशी बोट सविताकडे का दाखवले.

"रेश्मा गेली असती तर पुढल्या साली आमाला कोण होतं? तुमची गेली तर बरंच की."

"आणि खरं काय होतं?"

"खरं?" ती म्हणाली. "म्या बगितलंच न्हाय. हसून डोळ्यांत पानी आलतं." मग तिने एका जीपला हात दाखवून बाजूला घेतले आणि परत येऊन उरलेला रस संपवला.

भिंगरीचा हिशोब बरोबर होता. आमच्या त्या सामन्याच्या पुढच्या वर्षी जिल्हा स्पर्धा रेश्माच्या शाळेने जिंकली. आम्ही उपांत्य फेरीत हरलो. सविताशी आमची गाठ पडली ती तेरच्या निमंत्रित स्पर्धेत. ती केंद्राच्या संघातून आली होती. पाठीवर केंद्राचे नाव होते, पायात बूट होते. सगळे घर बैलगाडीने सामना पाहायला आले होते. आण्णा कोणाच्याही गड्याला टाळ्या वाजवत होते. आई आणि काकी दोन्ही संघांना एकदम "खो दे, खो दे" म्हणून ओरडत होत्या आणि त्यामुळे दोन्ही संघांचा गोंधळ होत होता.

मी पहिल्या तुकडीत पळायला उतरले. सविताने मला मैदानभर फिरवले. शेवटी मी खांबाला वळसा घालत असताना तिने सूर मारला. पंच खांबाच्या दुसऱ्या बाजूला होते. त्यांना दिसले नाही. तिची बोटे माझ्या टाचेला लागली होती. ती जमिनीवर पडून होती. बाजूच्या रेषेवरून कल्पना म्हणाली, "नंदे, लागलं न्हाय म्हन." तो सामना आम्ही एका गड्याने हरलो.

पंच माझ्यापाशी आले. आमच्याच जिल्ह्यातले होते. त्यांनी विचारले, "शिवलं का? कोणी?"

मी सविताकडे बोट दाखवले.